रस्त्यांचीही वर्णव्यवस्था

रस्ता सगळ्यांचा असतो, असं सांगणारा माणूस एकतर मोटारीत बसलेला असतो, नाहीतर निवडणुकीला उभा असतो. रस्ता झाडणारा, रस्त्याची खडी फोडणारा, रस्त्याच्या कडेनं जीव मुठीत धरून चालणारा असं कधी म्हणत नाही. त्याला ठाऊक असतं रस्ता कुणाच्या दारापर्यंत जातो, आणि कुणाच्या दाराआधी संपतो.

दोस्तांनो, आपण रस्त्यावर उतरतो. मोर्चाला उतरतो, रास्ता रोकोला बसतो, चौदा एप्रिलला नाचतो. पण ज्या रस्त्यावर उतरतो तो कुणी काढला, कुणाच्या पैशानं, कुणाच्या हातानं, त्याला नंबर कुणी दिला, हे विचारत नाही. "रस्ता हा विकासाचा प्रश्न, तो आमदाराकडं. आपला प्रश्न अत्याचाराचा, आरक्षणाचा." असं आपलेच जाणते कार्यकर्ते सांगतात. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहणारा माणूस, शिक्षण म्हणाल तर वाचनालयातलं. तरी सांगतो, रस्ता हा जातीचाच प्रश्न आहे. साताऱ्या-सांगलीच्या मातीवरच दाखवतो.

घटना काढा. कलम १५, पोटकलम २. सरकारी निधीतून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या रांगेत तिथं एक शब्द आहे: रस्ते. जातीच्या कारणावरून कुणालाही त्यांच्या वापराला मज्जाव करता येणार नाही. हा शब्द तिथं उगाच आला काय? १९२४ साली केरळात वायकोमला अस्पृश्यांनी सत्याग्रह केला तो देवळात शिरण्यासाठी नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यावरून चालण्यासाठी होता. आपल्याकडं पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर आपल्या माणसानं थुंकी पडू नये म्हणून गळ्यात मडकं अडकवायचं, पावलं पुसायला कमरेला झाडू बांधायचा. 'जातिभेद निर्मूलना'त बाबासाहेबांनी हे मांडलंय. आधी रस्ता बाटायचा, मग पाणी, मग देव.

आणि गंमत बघा. ज्याच्या सावलीनं रस्ता बाटायचा, त्याच्याच पायावर गावाचं सगळं दळणवळण चालायचं. महार वतनाच्या कामांची यादी वाचा. वेशीवर राखण करायची. आलेल्या अंमलदाराला वाट दाखवायची. त्याचा बोजा पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत डोक्यावर न्यायचा. सरकारी कागद, वसूल ठाण्याला पोचवायचा. वाटा झाडायच्या. सडक नव्हती तवा आम्हीच सडक होतो. मोबदला काय, तर शिळी भाकरी आणि वतनाचा तुकडा. ह्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. वतनं खालसा करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. बाबासाहेब तवा नव्हते.

आता साताऱ्याचा एक रस्ता घ्या. मसूर स्टेशनातून खटाव तालुक्याकडं जाणारा. साल १९०१. दुष्काळ पडलेला, माणसं मरतायत, सरकारनं तळं खोदायचं काम काढलेलं. त्या कामावर सुभेदार रामजी खजिनदार. त्यांना भेटायला साताऱ्याहून पोरं निघाली. भीमा, त्याचा भाऊ, बहिणीची दोन पोरं. अंगात नवे कपडे, खिशात पैसे. मसूरला उतरली, न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तरनं जात विचारली आणि त्याचा चेहरा बदलला. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. शेवटी तोड काय निघाली? पोरांनी गाडी स्वतः हाकायची, गाडीवान शेजारून चालणार, आणि भाडं दुप्पटच. रात्री टोलनाका लागला. नाकेदाराकडं पोरांनी पाणी मागितलं. मिळालं नाही. अन्न जवळ होतं, पण पाण्यावाचून उपाशी झोपली.

हा किस्सा आपण भाषणात कैकदा सांगतो. पण त्यातला टोलनाका कुणाच्या ध्यानात राहिलाय? रस्ता सरकारी. नाका सरकारी. गाडीभाडं रोख मोजलेलं, तेही दुप्पट. आणि नाक्यावर घोटभर पाणी नाही. आज त्याच जिल्ह्यात आनेवाडीला टोल आहे, तासवड्याला टोल आहे. फास्टॅग जात विचारत नाही, हे मान्य. मशीनला जात कळत नाही. पण रस्ता कुठून न्यायचा, कुठं थांबवायचा, हे मशीन ठरवत नाही. ते माणूस ठरवतो. आणि माणसाला जात कळते.

कसं ठरतं ते बघू. इंग्रजाच्या काळात, १९२७ साली, बॅरिस्टर जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली. तिच्या सांगण्यावरून पेट्रोलवर जादा कर बसला आणि १९२९ पासून रस्त्यांचा वेगळा निधी सुरू झाला. मग १९४३ च्या डिसेंबरात देशातले मुख्य इंजिनियर नागपुरात जमले आणि त्यांनी रस्त्यांची प्रतवारी लावली. राष्ट्रीय मार्ग, प्रांताचे मार्ग, जिल्ह्याचे प्रमुख मार्ग, जिल्ह्याचे इतर मार्ग, आणि तळाला गावाचे रस्ते. आजही आपल्याकडं हीच उतरंड आहे. राष्ट्रीय महामार्ग दिल्लीचा, राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याचा, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग १९६२ पासून जिल्हा परिषदेच्या गळ्यात.

उतरंड बघून काही आठवतं का? वरच्याला जास्त पैसा, जास्त डांबर, जास्त रुंदी. खालच्याला मुरूम. चौथ्याचं तर नावच 'इतर'. आणि ह्या सगळ्याच्या बाहेर, ज्याला वर्णच नाही असा एक रस्ता असतो. गावाचा रस्ता पारापाशी, चावडीपाशी संपतो, तिथून पुढं ओढ्याच्या अंगानं आपल्या वस्तीत जाणारी वाट. तिला नंबर नाही. ती नकाशात नाही. ती अवर्ण आहे.

रस्त्याला बढती मिळते बरं का. गुहागर, चिपळूण, कराड, विटा, जत, विजापूर हा रस्ता राज्यमार्ग होता, आता राष्ट्रीय महामार्ग १६६-ई झाला. पुणे-बेंगलोर हायवेचा आकडा २०१० साली चारवरून अठ्ठेचाळीस झाला. वस्तीच्या वाटेला मात्र बढती नाही. २०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारनं ठरवलं, वस्त्यांची जातिवाचक नावं काढायची. चांगलं केलं. महारवाड्याचा भीमनगर झाला, समतानगर झाला. पाटी बदलली. पाटीपर्यंत जायची वाट तीच, पावसाळ्यात गुडघाभर चिखल तोच.

नागपूरच्या योजनेचं माप होतं, शंभर चौरस किलोमीटरला सोळा किलोमीटर रस्ता. पुढची योजना १९६१ ते १९८१ ची, तिचं माप बत्तीस. म्हणजे रस्ता जमिनीवर मोजायचा, माणसावर नाही. तालुक्यात रस्ते वाढले की आकडा वाढतो. ते कुणाच्या मळ्याकडं गेले, कारखान्याच्या काट्याकडं गेले का वस्तीकडं गेले, हे आकड्यात दिसत नाही. कृष्णाकाठी ऊस आला तसे रस्ते आले. उसाच्या गाडीला खड्डा चालत नाही, बाळंतिणीला चालतो.

२००० साली पंतप्रधान ग्रामसडक योजना आली. आता माणसं मोजायची ठरलं, सपाटीवर पाचशे लोकवस्ती. आपण म्हणालो, बरं झालं. पण नियम नीट वाचा. 'न जोडलेली' वस्ती कुठली? जी बारमाही रस्त्यापासून निदान पाचशे मीटर लांब आहे ती. मग आपली वस्ती गावापासून किती लांब असते? दोनशे मीटर, तीनशे मीटर, ओढ्यापलीकडं. गावानं आपल्याला शिवाशिवीपुरतं लांब ठेवलं आणि कागदासाठी पुरेसं जवळ ठेवलं. गावात रस्ता आला की आपणही 'जोडलेले' ठरतो. ज्यानं नियम लिहिला त्याच्या मनात जात नसेलही. पण त्यानं मीटरपट्टी धरली, आणि आमच्याकडं मीटरपट्टीच्या मधोमध वेस असते, हे त्याला माहीत नव्हतं. नाहीतर माहीत करून घ्यायचं नव्हतं.

माझ्याच वस्तीचं सांगतो. वाटेचा अर्ज घेऊन आम्ही चार पोरं एका कचेरीत गेलो. साहेबानं नकाशा पसरला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "असा रस्ताच नाही." मी म्हणालो, "साहेब, आम्ही त्याच रस्त्यानं आलोय." तो म्हणाला, "तुम्ही आला असाल. पण तो रस्ता नाही, वहिवाट आहे." दोन्ही बाजूला शेतं. बांधवाला दरसाल नांगराचा एक तास आत घेतो. दोन बैलगाड्या जायच्या तिथून आता मोटारसायकल जाते. दुसऱ्या टेबलावर गेलो. तिथं कळलं, महसूल कायद्याचं १४३ कलम आहे, तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतो. पण कुणाला? जो जमीनधारक आहे त्याला, त्याच्या शेतात जायला. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला त्या कलमानं घरी जायलासुद्धा वाट नाही.

आता खडीकडं येऊ. रस्ते बांधले कुणी? १९७२ चा दुष्काळ. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ. राज्यभर दुष्काळी कामं निघाली. १९७३ च्या मे महिन्यात पन्नास लाखाच्या घरात माणसं कामावर होती. तळी, बंधारे, आणि सगळ्यात सोपं काम म्हणजे खडी फोडणं. माझी आजी तवा नवी नवरी. ती सांगते, "डोळ्यात कपची गेली तर तशीच काढायची आन् पुन्यांदा हातुडा धरायचा. मुकादम खडीचा ढीग मापायचा, तवा तो वाकत नसायचा, आमीच वाकायचो." मजुरीला मिलो मिळायचा, अमेरिकेचा लाल दाणा. पोरांना सुकडी. कामावर पाण्याचा हंडा वेगळा होता का, असं विचारलं तर आजी हसली. म्हणाली, "येड्या, हंडा वेगळा नव्हता. आमाला वरनं वतायचे."

ह्याच दुष्काळी भागातून रोजगार हमी निघाली. तिचा विचार मांडणारे वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९७७ चा कायदा हा देशातला पहिला, हे खरं, आणि त्याला मी हात जोडतो. मागेल त्याला काम हा हक्क कागदावर आला. पैसा कुठून आला? शहरातल्या नोकरदाराच्या, कामगाराच्या व्यवसाय करातून. आजही माझ्या पगारातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापतात. पण पाया कुणाचा भरला ते बघा. आपल्या आयाबायांनी मातीकाम केलं, वडारांनी दगड काढला, आणि त्या रस्त्यानं पहिल्यांदा गेली बागाईतदाराची द्राक्षं आणि ऊस. रस्ता तयार झाला की मजुराचं काम संपलं. त्याच्या वाट्याला खडीच्या खोकल्याशिवाय काही उरलं नाही. रस्त्याला नाव पडलं पुढाऱ्याचं.

अमेरिकेतही हेच झालं. दक्षिणेकडच्या राज्यांत जिल्ह्याचे रस्ते काळ्या कैद्यांच्या पायात साखळदंड घालून बांधून घेतले. पुढं १९५६ साली कायदा झाला, मोठे हमरस्ते निघाले, आणि ते शहरात शिरले तेव्हा नेमके काळ्यांच्या वस्तीतून शिरले. डेट्रॉईटचा ब्लॅक बॉटम, सेंट पॉलचा रोंडो, मायामीचा ओव्हरटाऊन. दुकानं, चर्चं, घरं डांबराखाली गेली. नकाशावर रेघ मारणाऱ्याला ती जागा स्वस्त दिसली. ज्या माणसांचं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर काढली, त्यांच्या वस्त्यांचं हे झालं. आणि १९६५ ला सेल्मा ते माँटगोमेरी ते चालले ते हायवेवरूनच. रस्त्यानं मारलं, रस्त्यावरूनच उत्तर दिलं.

आपल्याकडं जमीन जाते तवा काय होतं? सातबारावाला मोबदल्याच्या रांगेत. त्याच्या रानात वीस वर्षं खुरपणाऱ्या बाईला विचारा, तुला काय मिळालं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबात शेतमजूरही धरलाय. पण मोजणीला आलेला माणूस उतारा बघतो, हात बघत नाही. आणि ज्यांच्याकडं वतनाचा तुकडा उरलाय त्यांच्या उताऱ्यावर अटीचा शिक्का. आज पवनारपासून पत्रादेवीपर्यंत शक्तिपीठ महामार्गाची आखणी चाललीय, मूळ बेत ८०२ किलोमीटरचा, बारा जिल्हे, त्यात आपली सांगली. शेतकरी विरोधात उभे राहिले. आपण त्यांच्यासोबत उभं राहायला पाहिजे, बागाईत जमीन जाणं सोपं नसतं. पण त्याच सभेत उठून विचारायचं: दादा, तुमची जमीन जाईल तेव्हा आमची मजुरी जाईल, तिचा हिशोब तुमच्या मागण्यांत कुठल्या नंबरावर आहे?

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितलं, मग गावच्या रस्त्याला काय करायचंय? अरे, गाव सोडायलाही रस्ताच लागतो. वाटेगावचा अण्णा भाऊ साठे पोरवयात बापाबरोबर मुंबईला पायी गेला. माझा आजा गिरणगावात गेला आणि १९८२ च्या संपानंतर ह्याच रस्त्यानं मोकळ्या हातानं परत आला. रस्त्यानं आम्हाला गिरणीपर्यंत नेलं. गिरणीत आमच्या लोकांना जास्त पगाराच्या विणखात्यात घेत नव्हते, कारण तुटलेला धागा तोंडानं ओढायला लागायचा आणि तो बाटायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल कम्युनिस्टांना केला होता. म्हणजे रस्ता आपोआप मुक्ती देत नाही. पण १९४८ साली सुरू झालेल्या एस.टी.नं एक केलं. शेजारी कोण बसला हे तिकीट विचारत नाही. वेशीच्या आत जे शंभर वर्षांत झालं नाही ते एका सीटवर झालं. मात्र एस.टी. फाट्यावर थांबते. फाट्यापासून घरापर्यंतचा जो तुकडा आहे, त्याच तुकड्यावर अजून गावाचं राज्य आहे. पोरीची शाळा तिथं सुटते, गाडी न आल्यानं म्हातारं तिथं मरतं, मयत तिथं अडवतात.

दुसरा कुणी म्हणेल, आपली पोरं कमानीसाठी भांडतात, रस्त्यासाठी का नाही? असल्या टिंगलीला मी सामील नाही. मिरज तालुक्यातलं बेडग आठवा. २०२३ साली बाबासाहेबांच्या नावाची कमान पाडली आणि आपली कुटुंबं बिऱ्हाड डोक्यावर घेऊन मुंबईच्या वाटेला लागली. कमान कुठं उभी राहते? रस्त्याच्या तोंडावर. ती पाडणाऱ्याला पक्कं कळत होतं की भांडण सिमेंटचं नाही, हा रस्ता कुणाचा ह्याचं आहे. माझं म्हणणं एवढंच, की कमानीपाशी थांबू नका. कमानीखालून जो जातो त्या रस्त्याची नोंद कुणाच्या वहीत आहे, तेही बघा.

म्हणून भाषण पुरे, काम सांगतो. प्रत्येक शाखेनं आपल्या वस्तीची वाट टेपनं मोजायची: लांबी, रुंदी, कुठं बांध सरकला. जिल्हा परिषदेकडं रस्त्यांची यादी असते, माहिती अधिकारात ती मागायची. २००५ चा कायदा आहे, दहा रुपयांचा अर्ज. आपली वाट तिच्यात नसेल तर ग्रामसभेत ठराव मांडायचा, ती ग्रामीण मार्ग म्हणून नोंदवा, नंबर द्या. नंबर नाही तर रस्त्याच्या योजनेतला पैसा येत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. ठराव नामंजूर झाला तर कोण कोण विरोधात बोललं ते इतिवृत्तात लिहून घ्यायचं. ग्रामपंचायतीचा पंधरा टक्के आणि जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला वीस टक्के मागासवर्गीय निधी कुठं गेला, दलित वस्तीचा निधी कुणाच्या गल्लीत ओतला, हिशोब मागायचा. वाट अडवली तर ते शेतीचं भांडण म्हणून मिटवू द्यायचं नाही. वहिवाटीची वाट अडवणं हा १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यातही गुन्हा होऊ शकतो, वकील घेऊन कलम बघायचं.

एक धोका सांगून ठेवतो. आपल्यातलाच एखादा ठेकेदाराचा मुकादम होऊन येईल. म्हणेल, "कशाला मोजताय, मी सांगतो साहेबाला." त्याला चहा पाजा, टेप मात्र हातातनं सोडू नका.

ह्या दोन जिल्ह्यांच्या मातीनं राज्याला पाच मुख्यमंत्री दिले. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील, बाबासाहेब भोसले, पृथ्वीराज चव्हाण, एकनाथ शिंदे. प्रतिसरकार ह्याच मातीत झालं, सहकार इथंच पिकला. एवढं सगळं ज्या रस्त्यांनी मुंबईला गेलं, ते रस्ते आमच्या वस्तीपासून तीनशे मीटरवर थांबलेले आहेत. तीनशे मीटर. चालत चार मिनिटं. ह्या चार मिनिटांना पंच्याहत्तर वर्षं पुरली नाहीत.

आम्ही रस्ता मागत नाही. आम्ही फोडलेली खडी परत मागतोय.

जयभीम.